शिका, पण काय शिका? माध्यमिक अभ्यासक्रमाच्या लढाईचा इतिहास



आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. गेल्या पावसाळ्यात तिथं नववीतली एक मुलगी वही मिटून गप्प बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "सर, शाळेत सांगितलं, एका भाषेच्या जागी ब्युटी अँड वेलनेस घे. गणितात काठावर पास झालीस तरी चालेल. तुला कुठं सायन्सला जायचंय?" सांगणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण पोरीचं ओझं हलकं करतोय. त्या पोरीला मात्र सायन्सलाच जायचं होतं. फक्त तिला ते कुणी विचारलं नव्हतं.

असाच एक विचार २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्तानेही चर्चेत आला. ज्यांना पुढे गणित-विज्ञान घ्यायचं नाही, त्यांना या विषयांत ३५ ऐवजी २० गुणांवर पुढे जाऊ द्यावं आणि गुणपत्रिकेवर तसा शेरा मारावा, असा तो विचार होता. ऐकायला दयाळू वाटतो. नापास होण्याचा ताण कमी, गळती कमी. पण तो शेरा कुणाच्या गुणपत्रिकेवर जास्त दिसेल, हे सांगायला कुठल्या आयोगाची गरज नाही.

"शिका" हा बाबासाहेबांचा आदेश आपल्या प्रत्येक बॅनरवर आहे. पण काय शिका, याबद्दल आपण फार कमी बोलतो. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, फी यासाठी आपण रस्त्यावर उतरतो आणि ते बरोबरच आहे. अभ्यासक्रम मात्र तज्ज्ञांच्या समितीचा विषय म्हणून सोडून देतो. इतिहास बघितला तर आपल्या माणसांनी तो कधीच सोडून दिला नव्हता. शाळेचं दार उघडण्याची लढाई आणि दाराच्या आत काय शिकवायचं याची लढाई, या दोन्ही त्यांनी एकत्रच लढल्या. हा लेख त्या दुसऱ्या लढाईबद्दल आहे.

१८८१ आणि १८८२: कुणब्याच्या पोराला भूगोल कशाला?

१८८१ साली पुण्यात टिळकांच्या संपादनाखाली 'मराठा' हे इंग्रजी साप्ताहिक सुरू झालं. त्याच वर्षी त्यात शिक्षणपद्धतीचा दोष आणि त्यावरचा उपाय सांगणारा लेख आला. त्याचा मथितार्थ असा: कुणब्याच्या मुलाला लिहिणं-वाचणं, इतिहास, भूगोल आणि गणित शिकवून त्याचं भलं होणार नाही, नुकसानच होईल. त्याला त्याच्या बापाच्या धंद्याला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं.

नीट बघा. इथं शिक्षण देऊच नका, असं म्हटलेलं नाही. 'वेगळं' शिक्षण द्या, असं म्हटलेलं आहे. मनुस्मृतीच्या काळात ज्ञान नाकारायला धर्माज्ञा पुरत होती. इंग्रजी अमलात सरकारी शाळा कायद्याने सर्वांना खुली होती. म्हणजे बंदी आता दारावर घालता येईना, म्हणून ती अभ्यासक्रमात घालायची. मुलगा शाळेत आला तरी चालेल, पण त्याच्या पाटीवर त्याची जातच लिहिलेली राहिली पाहिजे.

याला उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपलं निवेदन सादर केलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुद्दा आपल्याला पाठ आहे. बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणीही माहीत आहे. पण त्या निवेदनातला अभ्यासक्रमाचा भाग आपण वाचत नाही. मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे, असा सगळा आराखडा तिथे आहे. 'मराठा'ने जे विषय कुणब्याच्या मुलाला नकोत म्हटलं, नेमके तेच जोतीरावांनी मागितले.

कुणी म्हणेल, जोतीरावांनी शेतीही मागितली होती, मग आजच्या कौशल्य शिक्षणाला आक्षेप कशाला? फरक मोठा आहे. त्यांनी शेती मागितली ती इतिहास-भूगोलाच्या जागी नव्हे, तर त्यांच्या शेजारी. आणि शिक्षक कसा हवा, तर प्रशिक्षित आणि गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारा. म्हणजे श्रमाची लाज मास्तराने सोडायची होती. श्रमाची सक्ती फक्त शूद्राच्या पोरावर करायची नव्हती.

त्याच निवेदनात आणखी एक छोटी मागणी आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. मॅट्रिकसाठी नेमलेली पुस्तकं मद्रास आणि बंगालप्रमाणे इथेही सरकारी गॅझेटमध्ये प्रसिद्ध करावीत, म्हणजे खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यालाही परीक्षेला बसता येईल आणि ज्ञानाचा प्रसार वाढेल, असं ते म्हणतात. परीक्षेला काय विचारणार, हे फक्त ठरावीक वाड्यांत माहीत असायचं. जोतीराव म्हणत होते, ते जाहीर करा. मित्रहो, अभ्यासक्रम ही गुप्त गोष्ट नाही, जनतेची मालमत्ता आहे, हे तत्त्व आपल्याकडे १८८२ साली मांडलं गेलं आहे.

आणि अशा शिक्षणाने काय होतं, याचा पुरावा त्याआधीच मिळालेला होता. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असा सवाल त्या पोरीने विचारला होता. तिला शाळेत फक्त दोरखंड वळायला शिकवलं असतं, तर हा निबंध आपल्याला मिळाला नसता.

एल्फिन्स्टनमधली सक्तीची फारसी

बाबासाहेबांच्या चरित्रात गोणपाटावर बसण्याचा, नळाला हात न लावू देण्याचा प्रसंग आपण वारंवार सांगतो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला दुसरा प्रसंग मात्र एका ओळीत संपवतो. त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत शिकायची होती. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार मिळाला. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

इथे शाळेने त्यांना प्रवेश नाकारला नव्हता. बाकावर बसू दिलं, परीक्षेला बसू दिलं. नाकारला तो एक विषय. तोच विषय का? कारण ज्या ग्रंथांच्या आधारे त्यांना अस्पृश्य ठरवलं होतं, ते ग्रंथ त्या भाषेत होते. किल्ली देऊ नका म्हणजे कुलूप उघडणार नाही, असा तो हिशेब होता. बाबासाहेबांनी तो हिशेब चुकवला. अनुवादांतून, स्वतःच्या प्रयत्नांतून त्यांनी ते सगळं वाङ्मय पालथं घातलं आणि १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ जगापुढे ठेवला. मूळ संस्कृत येत नाही म्हणून टीका होईल, याची त्यांना कल्पना होती आणि तिचा समाचार त्यांनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत घेतला आहे.

यातून आपण काय शिकायचं? काही मित्र म्हणतात की शाळेतलं ज्ञान हे ब्राह्मणी ज्ञान आहे, आपल्या मुलांवर ते कशाला लादायचं, आपल्या मुलांना आपल्या जगण्यातलंच शिकवा. मला त्यांचा राग समजतो. पण बाबासाहेबांनी संस्कृत ब्राह्मणांची म्हणून सोडली नाही. ती आपल्याला नाकारली, हा त्यांचा आक्षेप होता. ज्याची चिकित्सा करायची, ते आधी पूर्ण हातात यावं लागतं. अर्धवट माहितीवर घोषणा देता येते, ग्रंथ लिहिता येत नाही.

तीन हजार आणि चौदा

१२ मार्च १९२७, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या अवघे आठ दिवस आधी, बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. त्या भाषणात त्यांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुलं चौथीपर्यंत पोचतात. आणि माध्यमिक शिक्षणात लोकसंख्येच्या दर लाखामागे पुढारलेल्या हिंदूंचे ३०००, मुसलमानांचे ५००, मधल्या वर्गाचे १४० आणि मागासवर्गाचे १४ विद्यार्थी. या मागासवर्गात अस्पृश्य, आदिवासी आणि इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमाती येत होत्या.

३००० आणि १४. हा आकडा वस्तीतल्या प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. प्राथमिक शाळेत फरक होताच, पण माध्यमिक शाळेच्या पायरीवर तो दरी होऊन जात होता. कारण प्राथमिक शाळा गावात असायची आणि हायस्कूल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तिथे अस्पृश्य पोराला राहायला खोली कोण देणार?

म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम बघा. २० जुलै १९२४ ला सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू झालं, तेही हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी. १९२८ साली डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली, तिचंही मुख्य काम माध्यमिक विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणं. बाबासाहेबांची नजर नेमकी त्या पायरीवर होती. अक्षरओळख झाली की समाधान मानणारे सुधारक पुष्कळ होते. त्या पुढचं ज्ञान, ज्यातून वकील, प्राध्यापक, अधिकारी आणि कायदे करणारा माणूस तयार होतो, ते सगळं हायस्कूलच्या दारातूनच जातं, हे त्यांना स्वतःच्या आयुष्यावरून माहीत होतं.

त्याआधी करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला होता. वेगळी शाळा म्हणजे वेगळा दर्जा आणि वेगळं भवितव्य, हे महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

हाताला काम, डोक्याला कुलूप

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली आणि झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा दिला. हस्तोद्योग केंद्रस्थानी, मातृभाषा माध्यम आणि मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागावा, ही मूळ कल्पना. त्यात गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञानही होतं, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. इंग्रजी मात्र नव्हती.

पण ही योजना कुठल्या समाजात येत होती? याच्या एकच वर्ष आधी, १९३६ साली, 'जातिनिर्मूलन' या बाबासाहेबांच्या पुस्तिकेला उत्तर देताना गांधीजींनी 'हरिजन'मध्ये वर्णधर्माचा अर्थ वडिलोपार्जित व्यवसायातून उपजीविका करणं, असा सांगितला होता. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताने काम करणं हीच सक्ती होती, त्याला चरखा हे नवं ज्ञान नव्हतं. ब्राह्मणाच्या मुलाला टकळी फिरवायला लावणं हा सामाजिक धडा होऊ शकतो. चांभाराच्या मुलाला पुन्हा चामड्याकडेच पाठवणं ही जुनीच व्यवस्था झाली. एकच अभ्यासक्रम दोन घरांत दोन वेगळे अर्थ घेऊन जातो. जात न बघता अभ्यासक्रम आखणारे हे कायम विसरतात.

शंका असेल त्यांनी मद्रासकडे बघावं. १९५३ साली मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची सुधारित योजना आणली. मुलांनी शाळेत रोज तीन तास बसायचं आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकायचा. पेरियार रामसामींनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं, जातीचं शिक्षण म्हटलं आणि राज्यभर आंदोलन पेटलं. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली. अभ्यासक्रमाच्या प्रश्नावर जनता रस्त्यावर उतरली, मुख्यमंत्री गेला आणि योजना मागे घेतली गेली. तामिळनाडू पुढे शिक्षणात कुठे गेला, ते आपण बघतोच.

समुद्रापलीकडे हाच वाद

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत गुलामी संपल्यावर कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांचं म्हणणं होतं की आपल्या मुलांना आधी हातांचे उद्योग शिकवा, राजकीय आणि सामाजिक हक्कांचं पुढे बघू. १८८१ साली सुरू झालेली टस्कीगीची संस्था त्यांनी याच विचारावर उभी केली. गोऱ्या धनिकांनी तिला भरभरून देणग्या दिल्या. त्यांना सुतार हवे होते, वकील नको होते.

याला विरोध केला डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी. १९०३ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी या विचाराची चिरफाड केली. कामाचं शिक्षण हवंच, पण जो समाज आपल्या हुशार मुलांना इतिहास, साहित्य आणि विज्ञानाचं उच्च शिक्षण देणार नाही, त्याला शिक्षकही मिळणार नाहीत आणि नेतेही मिळणार नाहीत, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारीच. वॉशिंग्टन वारले ते १९१५ साली. तिथे बाबासाहेबांनी स्वतः काय निवडलं? अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. पुढे १९४६ साली त्यांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. हे नातं उगाच जुळलेलं नव्हतं.

इटलीच्या तुरुंगात अंतोनिओ ग्राम्शीनेही हेच लिहून ठेवलं आहे. गरिबांसाठी खास धंदेशिक्षणाच्या शाळा काढणं वरवर लोकशाहीचं वाटतं, पण त्यातून समाजातली विषमता कायमची पक्की होते. कामगाराच्या मुलाला कठीण ज्ञान झेपायला जास्त कष्ट पडतील, म्हणून ते सोपं करून टाकू नका, त्याला जास्त मदत द्या.

'कमवा आणि शिका'चा खरा अर्थ

श्रमाला विरोध करणं हा आपला मुद्दा नाही, हे समजून घ्यायचं असेल तर कर्मवीर भाऊराव पाटलांकडे बघा. १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र घाम गाळत. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं.

'कमवा आणि शिका' यात श्रम हा शिक्षणाचा खर्च भागवण्याचा मार्ग होता, शिक्षणाचा पर्याय नव्हता. मुलगा सकाळी शेतात खोदायचा आणि नंतर वर्गात बीजगणित, इंग्रजी, विज्ञान पूर्ण शिकायचा. आणि खोदणाऱ्यांत मराठा, मुसलमान, महार, जैन सगळे असायचे. वर्ध्याची कल्पना, मद्रासची योजना आणि साताऱ्याचं हायस्कूल या तिन्हींत श्रम आहे. फरक असा की साताऱ्यात श्रमाने ज्ञान कमी केलं नाही आणि श्रम जातीवर बेतला नाही. कुठलीही 'कौशल्य' योजना समोर आली की याच दोन कसोट्या लावाव्यात.

चौदा वर्षांची रेघ

२३ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचं कलम चर्चेला होतं. एका सदस्याने दुरुस्ती सुचवली की 'शिक्षण' या शब्दाच्या जागी 'प्राथमिक शिक्षण' असा शब्द घाला. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचं कारण साधं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामाला लावायला दुसऱ्या कलमाने बंदी केली आहे. मग त्या वयापर्यंत ते मूल शाळेतच असलं पाहिजे, प्राथमिक संपलं म्हणून रस्त्यावर नाही.

पुढे २००२ ची घटनादुरुस्ती झाली, २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, पण तो ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. किमान म्हणून काढलेली रेघच शेवटची मर्यादा होऊन बसली. नववी-दहावी आजही हक्काच्या बाहेर आहे. ३००० आणि १४ ची दरी जिथे होती, नेमक्या तिथेच कायदा थांबला.

अभ्यासक्रमाचंही तसंच झालं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा आणि वेगवेगळ्या शाखांची कल्पना मांडली. म्हणजे हायस्कूलातच मुलांच्या वाटा वेगळ्या करायच्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मात्र स्पष्ट सांगितलं की पहिली दहा वर्षं सर्वांना एकच सामान्य शिक्षण द्या आणि गणित-विज्ञान दहावीपर्यंत सर्वांना सक्तीचं करा. समान शाळा पद्धतीची शिफारसही त्याच आयोगाची. दहावीचा आकृतिबंध आपण घेतला, समान शाळा सोडून दिली. मग एकच पुस्तक एका शाळेत प्रयोगशाळेसह शिकवलं जातं आणि दुसऱ्या शाळेत मार्गदर्शिकेतून पाठ करून घेतलं जातं. नंतर आपल्या मंडळाने काही वर्षं 'सामान्य गणित' असा सोपा पर्यायही दिला. ज्यांनी तो घेतला, त्यांच्यातल्या अनेकांना अकरावीच्या प्रवेशावेळी कळलं की आपण एक विषय नव्हे, एक आख्खा रस्ता सोडला होता.

आजचा डाव

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे, सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायला जायचं आहे. कागदावर हे सर्वांसाठी आहे. पण मोठ्या शहरातल्या महागड्या शाळेतलं मूल कुंभाराकडे सहलीला जाईल आणि कुंभाराचं मूल कुंभाराकडेच जाईल. एकासाठी तो अनुभव, दुसऱ्यासाठी तो इशारा.

दुसरीकडे मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला तेव्हा मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात चक्क मनुस्मृतीतला श्लोक आढळला. ज्या ग्रंथाचं दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झालं, त्यातून आपल्या मुलांना आदर शिकवायचा! विरोध झाला, तो व्हायलाच हवा होता. पण आपण श्लोकावर तुटून पडलो आणि त्याच आराखड्याच्या गणित-विज्ञानाच्या पानांवर शांत राहिलो. श्लोक डोळ्यांना दिसतो. वीस गुणांचा शेरा दिसत नाही. आणि नुकसान दोघांत कुणाचं जास्त, ते मघाच्या नववीतल्या पोरीला विचारा.

मग आपला अभ्यासक्रम कसा असावा?

नुसता विरोध करून भागत नाही, म्हणून थोडं मांडतो.

पहिलं, ज्ञान कमी करू नका. 'समावेशक' म्हणजे सोपं, असा अर्थ आपण मान्य करता कामा नये. दहावीपर्यंत प्रत्येक मुलाला पूर्ण गणित, पूर्ण विज्ञान, उत्क्रांतीसकट. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. माणूस ब्रह्मदेवाच्या मुखातून आणि पायातून जन्मला, या कथेला शाळेत सगळ्यात भक्कम उत्तर तोच धडा देतो. शिवाय दोन भाषा अशा पक्क्या हव्यात की मुलाला मराठीत वाद घालता यावा आणि इंग्रजीत मूळ ग्रंथ वाचता यावा.

दुसरं, मदत वाढवा. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याला शाळेत जास्त तास, वाचनालय, प्रयोगशाळा, शिकवणारा पूर्णवेळ शिक्षक. मुलाला धावता येत नसेल तर त्याच्या पायातला काटा काढायचा, शर्यतीचं अंतर कमी करायचं नाही.

तिसरं, आपला इतिहास एप्रिल आणि डिसेंबरच्या जयंती-महापरिनिर्वाण दिनापुरता चौकटीत नको, तो विषयांच्या गाभ्यात हवा. एक उदाहरण देतो. महाडचा सत्याग्रह. १९२३ चा बोले ठराव, महाड नगरपालिकेचा निर्णय, २० मार्च १९२७ चं पाणी पिणं आणि १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल, हा नागरिकशास्त्राचा संपूर्ण धडा आहे. कायदा कागदावर असणं आणि तो अमलात येणं यातलं अंतर यापेक्षा चांगलं कुठे शिकवता येईल? सत्याग्रहानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून पाणी 'शुद्ध' केलं. आता रसायनशास्त्राच्या तासाला मुलांना विचारा, पाण्याची शुद्धता कशी मोजतात? सामू, क्षार, जिवाणू तपासून सांगा, त्या घागरींनी पाणी शुद्ध झालं की अशुद्ध? एका तासात विज्ञान आणि समता दोन्ही कळतील, आणि कुणालाही भाषण द्यावं लागणार नाही.

असंच अर्थशास्त्रात बाबासाहेबांचा १९२३ चा रुपयावरचा ग्रंथ आणता येईल, मराठीत चोखोबा, जनाबाई, अण्णा भाऊ साठे, बाबुराव बागूल आणि भूगोल-इतिहासात कार्ले, अजिंठा आणि व्यापारी मार्ग. हे सगळ्या जातींच्या मुलांनी शिकायचं आहे. आपला इतिहास फक्त आपल्याच पोरांना शिकवला तर तीही वेगळी शाळाच झाली.

कार्यकर्त्यांनी काय करायचं?

आपल्या भागातल्या प्रत्येक शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. नववी-दहावीच्या विज्ञानाची प्रयोगशाळा चालू आहे का? गणित-विज्ञानाचा पात्र शिक्षक पूर्णवेळ आहे का? ऐच्छिक आणि व्यवसाय विषय कुणी निवडले, मुलांनी की शाळेने, आणि ते कुठल्या वस्तीतल्या मुलांच्या वाट्याला आले? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. अभ्यासक्रमाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर होतो तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट न बघता तो बसून वाचा आणि लेखी हरकती पाठवा. जोतीरावांनी आयोगाला निवेदन दिलं, ते याच कामाचं पहिलं पान होतं. आणि जिथे अभ्यासिका आहे तिथे पोलीस भरतीच्या पुस्तकांशेजारी आठवी-नववीच्या मुलांसाठी गणिताचा एक तास रोज चालवा.

ती नववीतली मुलगी आता दहावीत आहे. तिने भाषा सोडली नाही. आमच्यातला इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा आठवड्यातून तीन दिवस तिला आणि आणखी अकरा मुलांना बीजगणित शिकवतो. पहिल्या चाचणीत तिला गणितात ४० पैकी ११ पडले होते, परवाच्या चाचणीत २६. सायन्सला जाईल की नाही, ते ती ठरवेल. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, एवढंच आपण बघायचं.

जय भीम!